टीमू पुक्की: दोनदा मागे फिरला म्हणून वर गेला?

उजवा_विंगर
फिनलंडच्या टीमू पुक्कीवर मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवं होतं, कुणी लिहिलं नाही म्हणून मीच धागा काढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९९० चा, कोत्का नावाच्या बंदराच्या गावातला. अठराव्या वर्षी थेट स्पेनमध्ये सेव्हियाकडे. तिथे जवळपास सगळा वेळ त्यांच्या दुसऱ्या टीममध्ये गेला, सीनियर टीमकडून ला लीगात एक मॅच. २०१० ला परत फिनलंडमध्ये, एचजेके हेलसिंकीकडे. ऑगस्ट २०११ मध्ये युरोपा लीगच्या प्ले-ऑफला जर्मनीचं शाल्के हेलसिंकीत आलं आणि ह्या पठ्ठ्याने दोन्ही गोल मारून त्यांना २-० हरवलं. परतीच्या मॅचला शाल्केने ६-१ धुतलं, पण तो एक गोलही ह्याचाच! शेवटी त्याच महिन्यात शाल्केने त्याला विकतच घेऊन टाकला.

शाल्केत पुढे कोण, तर हुंटेलार आणि राऊल. हुंटेलारने त्या सीझनला बुंडेसलीगात (जर्मनीची पहिली लीग) २९ गोल मारले, आता अशा माणसाला बसवून कुठला कोच पुक्कीला खेळवेल? २०१३ ला स्कॉटलंडचं सेल्टिक. तिथून गॅरी हूपर नुकताच गेलेला (नॉरिचला गेला, हे नाव पुढे येणार आहे), लोकांना हूपरएवढे गोल हवे होते, ते काही आले नाहीत. वर्षभरात डेन्मार्कच्या ब्रॉन्बीकडे लोनवर, म्हणजे उसना. म्हणजे चोविसाव्या वर्षी स्पेन, जर्मनी, स्कॉटलंड, तिन्हीकडे ‘चालला नाही’ असा शिक्का.

आणि २०१८ ला, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर एक पैसा न घेता-देता इंग्लंडच्या नॉरिच सिटीत. पहिल्याच सीझनला चॅम्पियनशिपमध्ये (इंग्लंडची दुसरी लीग) २९ गोल, टॉप स्कोरर, नॉरिच पहिल्या नंबरवर येऊन प्रीमियर लीगमध्ये.

माझं म्हणणं असं की हे सगळं शक्य झालं ते दोन वेळा मागे फिरल्यामुळे. सेव्हियानंतर घरी आला, सेल्टिकनंतर डेन्मार्कला गेला, दोन्ही वेळा लोकांनी ‘संपला’ म्हटलं आणि दोन्ही वेळा त्याला दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळायला मिळालं. मोठ्या क्लबच्या बेंचवर बसून पगार घेत राहिला असता तर आज कुणाला नाव माहीत नसतं. तुम्हाला काय वाटतं? आणि परदेशात खेळलेल्या फिनिश खेळाडूंमध्ये त्याला कुठे ठेवाल?

रात्रपाळी
वा! माझा आवडता माणूस. १४ सप्टेंबर २०१९, नॉरिच ३ मॅन सिटी २. नॉरिचचे एवढे खेळाडू जखमी होते की बेंचवर दोन गोलकीपर बसवले होते. पहिला गोल कॉर्नरवर मॅक्लीनचं हेडर. दुसऱ्यात पुक्की एकटा सुटला होता, समोर फक्त गोलकीपर, स्वतः मारू शकला असता, पण त्याने आडवा पास दिला कँटवेलला आणि कँटवेलने रिकाम्या गोलमध्ये ढकलला. तिसरा तर बघाच कुठे मिळाला तर. सिटी मागून खेळत बॉल बाहेर काढतेय, ओटामेंडी स्वतःच्याच बॉक्सजवळ निवांत, आणि बुएंदिया मागून येऊन बॉल काढून घेतो. पुक्की त्या क्षणी काय करतो ते बघा. बॉलकडे पळत नाही, जिथे पास येणार तिथे आधीच जाऊन थांबलेला असतो. मग एक टच आणि गोल.

बचावफळी
धागा चांगला आहे पण एक बाजू राहिली. २९ गोल कुठे? चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या लीगमध्ये. प्रीमियर लीगमध्ये दोन सीझन खेळला, दोन्ही वेळा ११ गोल, आणि दोन्ही वेळा नॉरिच तळाला राहून खाली. २०१९-२० ला पहिल्या पाच मॅचमध्ये सहा गोल मारले, ऑगस्टचा प्लेअर ऑफ द मंथ झाला, मग उरलेल्या अख्ख्या सीझनमध्ये पाच. नॉरिच शेवटच्या दहा मॅच ओळीने हरलं. डिफेंडर्सनी त्याला वाचला आणि विषय संपला असं माझं मत आहे. चांगला खेळाडू, शंका नाही. पण ‘मागे फिरला म्हणून वर गेला’ हे जरा जास्तच गोड केलंय.

उजवा_विंगर
@बचावफळी, त्या सीझनला बराच काळ तो मोडलेल्या पायाच्या बोटावर खेळला, हे नंतर बाहेर आलं. आणि जी टीम अख्ख्या सीझनमध्ये २१ पॉइंट कमावते तिच्या स्ट्रायकरने ११ गोल मारले हे कमी आहे का? त्याला बॉल तरी किती मिळत होता. लिव्हरपूलविरुद्ध गोल, न्यूकॅसलविरुद्ध हॅटट्रिक, चेल्सीविरुद्ध गोल, सिटीविरुद्ध गोल. हे काय दुसऱ्या लीगचे डिफेंडर होते?

बचावफळी
नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरचे होते :) डिसेंबरात सगळ्यांची होमवर्क झालेली असते.

पेठेतला_पेले
नाद खुळा धागा! आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मॅच असली की गल्ल्या रिकाम्या पडतात, पण फिनलंडचा प्लेअर कोण म्हणून विचारलं तर लोक गप. मला ह्यूपिया माहीत आहे, सामी ह्यूपिया, लिव्हरपूलचा. उंच, शांत, पळायला काही फार जोरात नव्हता पण बॉल जिथं पडणार तिथं हा आधी उभा. २००५ ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला, इस्तंबूलला मिलानविरुद्ध ०-३ वरून ३-३ आणि पेनल्टीवर जिंकले तेव्हा हा सेंटर बॅक होता. त्याच्या आधी क्वार्टर फायनलला युव्हेंटसविरुद्ध अ‍ॅनफिल्डवर गोल पण मारलाय त्यानं. मला विचाराल तर फिनलंडचा नंबर एक तोच.

आणि मागं फिरण्याचं म्हणाल तर, आमच्याकडं पण बाहेरच्या देशातनं खेळाडू आणतात पेठांच्या टीमवाले. पोरगं तिकडनं येतं, भाषा येत नाही, जेवण वेगळं, तिखट खाऊन डोळ्यात पाणी, आणि पहिल्याच मॅचला गोल नाही झाला की गॅलरीतनं आवाज सुरू. त्याच पोराला चार मॅच नीट खेळवलं की तेच पब्लिक खांद्यावर घेतंय. हे डोळ्यानं बघितलंय म्हणून सांगतो, विंगरभाऊचं म्हणणं पटतंय.

जुना_स्कोरर
ह्यूपियाचं नाव निघालं म्हणून लिहितो. १९९९ ला हॉलंडच्या विलेम टू क्लबकडून लिव्हरपूलने त्याला साधारण २६ लाख पौंडांत घेतलं. इंग्लंडमध्ये फार कुणाला नावही माहीत नव्हतं. दहा वर्षं खेळला, २००१ ला लीग कप, एफए कप, युएफा कप तिन्ही एकाच सीझनला. २००९ ला शेवटच्या मॅचनंतर मैदानावर रडला तो. मग लेव्हरकूझेनमध्ये खेळला आणि पुढे तिथेच कोचही झाला.

पण यादी करायची तर यारी लिटमनेनच्या पुढे कुणी जाऊ शकत नाही. १९९३ ला बर्गकँप गेल्यावर हॉलंडच्या आयाक्सची दहा नंबरची जर्सी ह्याला मिळाली. १९९५ ला व्हिएन्नात मिलानला १-० हरवून चॅम्पियन्स लीग, त्याच वर्षी बॅलन डीऑरमध्ये तिसरा, वेआ आणि क्लिन्समनच्या मागे. १९९६ च्या फायनलला युव्हेंटसविरुद्ध बरोबरीचा गोल ह्याचाच, पेनल्टीवर हरले. नंतर बार्सिलोना, लिव्हरपूल, पण घोट्याच्या आणि बाकीच्या दुखापतींनी त्याची चांगली वर्षं खाल्ली. तरी २०१० मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी फिनलंडकडून गोल मारला. लाहतीत त्याचा पुतळा आहे, आणि तो त्याच्या हयातीत उभा राहिलाय.

आणि सगळ्यात आधीचा माणूस कुणालाच आठवत नाही. आउलिस रुत्कोनेन. १९५२ ला फ्रान्समध्ये तुलूझकडे गेला, परदेशात प्रोफेशनल खेळणारा पहिला फिनिश खेळाडू. १९५७ ला तुलूझने फ्रेंच कप जिंकला त्या टीममध्ये होता. त्या काळी फिनलंडमधून फुटबॉलवर पोट भरायला बाहेर पडणं म्हणजे काय असेल विचार करा.

रात्रपाळी
@जुना_स्कोरर, रुत्कोनेनवर वेगळा धागा काढा ना, आग्रहाची विनंती.

बर्फातली_मी
हेलसिंकीत राहते, नवऱ्यामुळे फुटबॉल बघायला लागले आणि आता तो कमी बघतो, मी जास्त. इथली परिस्थिती सांगते म्हणजे पुक्कीचं जाणं-येणं जरा समजेल. इथे पहिला खेळ आइस हॉकी. राष्ट्रीय खेळ म्हणून मान पेसापालोला, म्हणजे इथल्या पद्धतीच्या बेसबॉलला. फुटबॉल खेळणारी मुलं भरपूर, पण लीग एप्रिलला सुरू होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला संपते. हिवाळ्यात मैदानावर मोठा हवा भरलेला तंबू उभा करतात आणि मुलं आत नकली गवतावर खेळतात. बाहेर उणे पंधरा, आत दिव्याखाली दहा वर्षांची पोरं शॉर्ट्समध्ये, आणि आईबाप कडेला जॅकेट घालून थर्मासमधली कॉफी पीत उभे. मी पण त्यात असते, माझी लेक खेळते.

तर अशा ठिकाणाहून चांगला खेळाडू सोळा-अठराव्या वर्षी बाहेर पडला नाही तर ‘उशीर झाला’ म्हणतात. म्हणून पुक्की सेव्हियाला गेला. आणि म्हणूनच त्याचं परत येणं इथल्या लोकांना तेव्हा टोचलं असणार. पण एचजेकेची शाल्केवाली मॅच इथले जुने लोक अजून काढतात. स्पेनमधून परतलेलं पोर आणि समोर राऊलची टीम!

मडगावचो
फिनलंडचा विषय आणि आमच्या काउकोचं नाव नाही? योनी काउको, तो पण १९९० चाच, तुर्कूचा. जर्मनीत एफएसव्ही फ्रांकफुर्ट आणि कॉटबुस, मग डेन्मार्कमध्ये रांडर्स आणि एस्बियर्ग, आणि २०२१ ला युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) खेळून सरळ कोलकात्याच्या एटीके मोहन बगानला आला. २०२१-२२ चं आयएसएल (भारताची पहिली लीग) कोविडमुळे पूर्ण गोव्यात झालं, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. फायनल सोडली तर प्रेक्षकांना आत बंदी. माझं घर फातोर्ड्याजवळ, संध्याकाळी स्टेडियमचे लाइट पेटलेले दिसायचे, शिट्टी ऐकू यायची, आणि आम्ही घरात टीव्हीवर तीच मॅच बघायचो. गोल झाला की बाहेर आधी आवाज, टीव्हीवर नंतर. मुलगा खिडकीत उभा राहून मला सांगायचा ‘बाबा आता होतोय बघ’.

केरळविरुद्ध टिळक मैदानावर २-१ ने मागे असताना इंज्युरी टाइमच्या सातव्या मिनिटाला काउकोने बरोबरीचा गोल मारला तो मी तरी विसरणार नाही. मी एफसी गोवाचा, बगानशी काही देणंघेणं नाही, तरी उठून उभा राहिलो.

बर्फातली_मी
@मडगावचो, वा! युरोच्या पहिल्या मॅचला, कोपनहेगनमध्ये डेन्मार्कविरुद्ध, काउको शेवटी बदली म्हणून उतरला होता. तीच ती मॅच ज्यात डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन मैदानावर कोसळला. फिनलंडची पहिलीच मोठी स्पर्धा, पहिलाच सामना, पोहयानपालोने गोल मारला आणि त्याने तो साजराही केला नाही नीट. १-० जिंकले. आम्ही घरी सगळे गप्प बसून होतो, आनंद कसा करायचा तेच कळेना. स्टेडियममध्ये मॅच थांबलेली असताना फिनलंडचे लोक ‘क्रिस्टियन’ आणि डेन्मार्कचे लोक ‘एरिक्सन’ असं आळीपाळीने ओरडत होते, ते आठवलं तरी अंगावर येतं.

पेठेतला_पेले
ते बघितलंय. लई मोठी माणसं.

अंधेरी_लोकल
मुंबई सिटीवाला म्हणून काउकोवर दोन ओळी टाकायलाच हव्यात. २०२२ च्या शेवटी त्याचा गुडघा गेला, वर्षभर बाहेर. बगानने २०२३ ला फातोर्ड्यात कप जिंकला तेव्हा तो खेळत नव्हता. लोकांना वाटलं आता हा फिनलंडला परत. २०२४ च्या सुरुवातीला हाबास पुन्हा कोच झाले आणि काउको परत टीममध्ये, आणि मिडफिल्ड एकदम जागेवर आलं त्यांचं. १५ एप्रिलला सॉल्ट लेकवर आम्हाला २-१ हरवून शिल्ड (लीगमध्ये पहिलं येणाऱ्याला मिळते ती) नेली. मग ४ मे ला त्याच मैदानावर फायनलला आम्ही ३-१ ने कप घेतला, हे पण नोंदवून ठेवतो :D

त्यानंतर तो इंटर काशीला गेला, आय-लीगमध्ये. युरो खेळलेला माणूस भारताच्या दुसऱ्या लीगमध्ये! @उजवा_विंगर, हे पण मागे फिरणंच झालं की, ह्याला काय म्हणाल?

मडगावचो
आणि त्या काशीमुळेच आमच्या चर्चिल ब्रदर्सचा आय-लीग गेला. एप्रिल २०२५ ला चर्चिलला चॅम्पियन जाहीर केलं, ट्रॉफी दिली, गोव्यात नाचलो आम्ही. जुलैत स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा न्यायालयाचा निकाल आला आणि चॅम्पियन काशी. मैदानावर जिंकायचं की कोर्टात, ह्याचा आधी काय तो निकाल लावा म्हणावं. लीग संपताना टेबलावर कोण कुठे हे खेळाडूंनाच माहीत नाही, असं जगात कुठे असतं?

अंधेरी_लोकल
अरे पण न्यायालयाने नियमानेच दिला ना निकाल. चूक आपल्या फुटबॉल चालवणाऱ्यांची, काशीच्या खेळाडूंची नाही.

मडगावचो
खेळाडूंना कुठे बोललो मी? चर्चिलच्या पोरांचा विचार कर, गळ्यातलं मेडल काढून द्यायचं म्हणजे काय.

उजवा_विंगर
आय-लीगच्या निकालावर वेगळा धागा हवाच, इथे नको, नाहीतर पुक्की बिचारा हरवेल.

@अंधेरी_लोकल, काउकोचं वेगळं आहे असं मला वाटतं. तो एकतिसाव्या वर्षी भारतात आला, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन गेलेलं, चौतिसाव्या वर्षी त्याला जिथे खेळायला मिळेल तिथे तो खेळला. ह्यात पुढे-मागे काही नाही, त्याला खेळायचं होतं. पुक्की वीस वर्षांचा असताना घरी आला, चोविसाव्या वर्षी डेन्मार्कला गेला, म्हणजे अजून सगळं करिअर पुढे होतं.

ब्रॉन्बीवर थोडं लिहितो कारण तो भाग सगळेच गाळतात. तिथे तो चार वर्षं होता. २०१६ ला अलेक्झांडर झोर्निगर नावाचा जर्मन कोच आला, त्याचं फुटबॉल म्हणजे पुढच्या दोघांनी समोरच्या डिफेन्सवर सतत धावून जायचं, बॉल गेला की लगेच परत मिळवायचा. पुक्कीच्या बाजूला पोलंडचा विल्चेक, तो बॉक्समधला माणूस, आणि पुक्की त्याच्या आजूबाजूला फिरणारा. दोन सीझन हे असं खेळल्यावर तो नॉरिचला पोचला तेव्हा त्याचे पाय आणि डोकं दोन्ही तयार होतं. २०१७-१८ ला ब्रॉन्बी डॅनिश कप जिंकलं, लीग थोडक्यात हुकली. नॉरिचमध्ये कोच डॅनियल फार्कने त्याला सुरुवातीला जॉर्डन ऱ्होड्सच्या मागे खेळवला, मग लवकरच एकटा पुढे, आणि मागून बुएंदिया, श्टीपरमन, व्रांचिच पास सोडायला. मिडफिल्डरने मान वर केली की हा डिफेंडरच्या पाठीमागून सुटलाच समजा. शाल्केत पण हेच पळायचा, पण तिथे मान वर करून त्याच्याकडे बघणारंच कुणी नव्हतं.

बचावफळी
हे ब्रॉन्बीचं मला माहीत नव्हतं, पटलं. पण मग श्रेय मागे फिरण्याला की चांगला कोच मिळण्याला? ब्रॉन्बीत झोर्निगर आला नसता तर? हजारो खेळाडू खालच्या लीगमध्ये जातात आणि तिथेच संपतात, त्यांच्यावर धागे निघत नाहीत. एक वर आला म्हणून रस्ता बरोबर असं कसं म्हणता येईल.

जुना_स्कोरर
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आणि नॉरिचला गेला तेव्हा त्यांचीही मजबुरी होती. आधल्या सीझनला चौदावे, मॅडिसनला लेस्टरला विकलं, खिशात फारसं काही नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्ट संपलेले खेळाडू शोधत होते. दोघांची गरज एका उन्हाळ्यात जुळली. नशीब म्हणा.

रात्रपाळी
नशीब २९ गोल मारत नाही हो काका :) आणि एकदाच नाही, २०२०-२१ ला परत चॅम्पियनशिपमध्ये २६ आणि परत चॅम्पियन. २६-२९ मारून वर, ११-११ मारून खाली, नॉरिचची लिफ्ट हाच चालवायचा.

आईच्या_नजरेतून
नमस्कार. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण हा धागा पहिल्यापासून वाचला कारण प्रश्न घरातला आहे. मुलगा सतरा वर्षांचा, पुण्यात एका अकॅडमीत खेळतो, बरा खेळतो असं सगळे म्हणतात. त्याच्या डोक्यात बसलंय की आत्ताच युरोपात गेलं तर काहीतरी होईल, नाहीतर नाही. एकाने आम्हाला स्पेनमध्ये ‘ट्रायल’ लावून देतो म्हणून मोठी रक्कम मागितली आहे. ह्यांचं म्हणणं पाठवूया, माझा जीव होत नाही. तुम्ही लोक ज्या पुक्कीबद्दल बोलताय तोही अठराव्या वर्षी गेला आणि परत आला. त्याच्या आईवडिलांनी काय केलं असेल तेव्हा, असं वाटत राहिलं वाचताना.

बर्फातली_मी
ताई, आधी एक सांगते, पैसे देऊ नका. ज्या क्लबला मुलगा हवा असतो तो स्वतः खर्च करतो, पालकांकडून रक्कम मागत नाही. दुसरं, फिफाचा नियम आहे की अठरा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या देशातल्या क्लबकडे ट्रान्सफर होत नाही, काही अपवाद सोडून. युरोपीय देशांतल्या मुलांना आपापसात सोळा ते अठरामध्ये सवलत आहे, ती आपल्या मुलांना नाही. म्हणजे सतराव्या वर्षी स्पेनमध्ये नोंदणी होणारच नाही, तो माणूस काय विकतोय ते विचारा त्याला.

पेठेतला_पेले
ताई, बर्फातल्या ताईंचं ऐका. आमच्यातली दोन पोरं अशीच कुणाच्या तरी नादाला लागून गेली, कुठल्यातरी टर्फवर आठ दिवस खेळवलं, फोटो काढले, परत पाठवलं. घरच्यांनी कर्ज काढलं होतं. पोरगं त्यानंतर बूट घालायला तयार नाही. त्याला अजून दोन वर्षं इथं खेळू दे, रोज मॅच मिळते का तेवढं बघा. मोठ्या अकॅडमीच्या बेंचपेक्षा छोट्या टीममध्ये पूर्ण मॅच बरी.

उजवा_विंगर
पेलेभाऊंनी जे लिहिलंय तेच मला धाग्यात म्हणायचं होतं. ताई, मुलाला पुक्कीचं सेव्हियाचं वर्ष सांगा. ज्या टीमकडून तो खेळत होता ती सेव्हियाची दुसरी टीम त्या सीझनला सेगुंदात (स्पेनची दुसरी लीग) तळाला राहून खाली गेली. एकोणीस वर्षांचा मुलगा, परका देश, हरणारी टीम. तो घरी आला आणि पुढच्या वर्षी शाल्केला हरवलं. घरी येण्याची सोय होती म्हणून हे झालं. तुमच्या मुलासाठी ती सोय तुम्ही आहात.

आईच्या_नजरेतून
सगळ्यांचे मनापासून आभार. रक्कम देत नाही हे नक्की झालं. हे सगळे प्रतिसाद आज रात्री ह्यांना आणि मुलाला वाचून दाखवते.

बचावफळी
ताई, एक माझाही सल्ला, त्याला शाळा-कॉलेज सोडू देऊ नका. फिनलंडचा युरोला नेणारा कोच मार्कू कानेर्वा स्वतः शिकलेला शिक्षक आहे. फुटबॉल आणि अभ्यास दोन्ही होतं.

रात्रपाळी
कानेर्वाचं नाव निघालं म्हणून, फिनलंडची टीम युरोला गेली ती पुक्कीच्या जिवावर. क्वालिफायिंगच्या दहा मॅचमध्ये दहा गोल. १५ नोव्हेंबर २०१९ ला लिखटेनश्टाइनला ३-० हरवून जागा पक्की केली, त्यातले दोन ह्याचे. @बर्फातली_मी, तुम्ही होतात का तिथे?

बर्फातली_मी
स्टेडियममध्ये नव्हते, तिकीट कुठलं मिळतंय. तेव्हा ऑलिम्पिक स्टेडियमचं काम चालू होतं म्हणून मॅच शेजारच्या छोट्या स्टेडियमवर. शिट्टी झाल्यावर लोक कुंपण ओलांडून मैदानात. इथली माणसं बसमध्ये शेजारी बसत नाहीत हो, आणि त्या रात्री रस्त्यावर अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. एक आजोबा माझ्याशी भरभरून बोलत होते, मला निम्मंच कळलं, पण लिटमनेनचं नाव तीन-चारदा आलं. त्यांच्या पिढीचं तेच दुखणं, लिटमनेन आणि ह्यूपिया एकाच वेळी असूनही फिनलंड एकाही मोठ्या स्पर्धेला गेलं नाही.

अवांतर: टीमला इथे हुहकायात म्हणतात, म्हणजे मोठी घुबडं. २००७ ला बेल्जियमच्या मॅचच्या मध्येच खरंखुरं घुबड स्टेडियममध्ये आलं, ह्या गोलपोस्टवरून त्या गोलपोस्टवर जाऊन बसलं, मॅच थांबवावी लागली. फिनलंड २-० जिंकलं आणि तेव्हापासून हे नाव.

पेठेतला_पेले
घुबड शुभ! आमच्या आजीला सांगायला पाहिजे.

जुना_स्कोरर
मूळ प्रश्नाकडे येतो. परदेशात खेळलेल्यांमध्ये लिटमनेन पहिला, ह्यूपिया दुसरा. तिसऱ्या जागेवर पुक्की की ऱ्हाडेत्स्की हा वाद आहे. लुकास ऱ्हाडेत्स्की हा २०२३-२४ ला बुंडेसलीगात एकही मॅच न हरलेल्या लेव्हरकूझेनचा कॅप्टन आणि गोलकीपर, शाल्केसारखं मोठं नाव नसेल पण पदक खरं. युसी यास्केलायनेनने बोल्टनमध्ये पंधरा वर्षं काढली तोही मनात येतो. पण लिटमनेनचा ३२ आंतरराष्ट्रीय गोलांचा रेकॉर्ड ऑक्टोबर २०२१ ला कझाकस्तानविरुद्ध दोन गोल मारून पुक्कीने मोडला. इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता त्याला. त्यामुळे तिसरा पुक्की.

बचावफळी
माझा तिसरा ऱ्हाडेत्स्कीच. पुक्की चौथा. इथे मी हटणार नाही.

उजवा_विंगर
न हटण्याचा हक्क आहे तुम्हाला :) नॉरिचमधून २०२३ ला ८८ गोल करून निघाला, मग अमेरिकेत मिनेसोटाकडे, तिथे ऑक्टोबरमध्ये एलए गॅलेक्सीविरुद्ध एकाच मॅचमध्ये चार. आणि २०२५ ला परत एचजेके. म्हणजे घरी दुसऱ्यांदा आला, पण ह्या वेळी फिनलंडचा सगळ्यात जास्त गोल मारणारा खेळाडू म्हणून.

रात्रपाळी
@बर्फातली_मी, एचजेकेची तिकिटं मिळतात का सहज? पुढच्या उन्हाळ्यात ऑफिसच्या कामाला तिकडे येणार आहे.

बर्फातली_मी
सहज मिळतात. लेकीला पण घेऊन येते मी. फक्त जॅकेट आणा, मे महिन्यात पण लागतं.